बेटावर मूळचं कुणीच नव्हतं: मॉरिशसची संस्कृती कशी घडली

मॉरिशसच्या नोटा एकापुढे एक मांडल्या तर देशाची निम्मी ओळख तिथेच होते. २५ रुपयांच्या नोटेवर चिनी वंशाचे मोइलिन ज्याँ आ-च्युएन, ५० च्या नोटेवर फ्रेंच वंशाचे मोरिस पातुरो, १०० च्या नोटेवर तमिळ वंशाचे रंगनादेन सीनीवासेन, २०० वर अब्दुल रझाक मोहम्मद, ५०० वर सुकदेव बिसुनदयाल, १००० वर क्रिओल समाजाचे (मुख्यतः आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचे) नेते गाएतां दुवाल आणि २००० वर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. प्रत्येक मोठ्या समाजाचा एकेक माणूस खिशात असावा, असा हिशेब त्यामागे स्पष्ट दिसतो.

याच नोटांवरून १९९८ मध्ये मोठं वादळ उठलं होतं. नोटेवर किंमत इंग्रजी, तमिळ आणि हिंदी अशा क्रमाने छापण्याचा प्रघात होता. नव्या नोटांवर हिंदी वर गेली आणि तमिळ खाली आली. तमिळ समाज रस्त्यावर उतरला. आम्ही या बेटावर आधी आलो, मग आमची लिपी खाली का, असा त्यांचा सवाल होता. सरकारला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि जुन्या क्रमाच्या नोटा पुन्हा छापाव्या लागल्या. बाहेरच्या माणसाला दोन ओळींच्या अदलाबदलीवरून एवढं का पेटावं, हे कळणार नाही. पण जिथे सगळेच बाहेरून आलेले असतात, तिथे कोण कधी आलं आणि कसं आलं, यावरच मान ठरतो. हा लेख त्या ‘कसं’बद्दल आहे.

वसाहतवाद आणि स्थलांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण शाळेत शिकतो. एकात राज्यकर्ते येतात, दुसऱ्यात साधी माणसं पोट भरायला येतात. प्रत्यक्षात दोन्ही एकाच दोरीचे पीळ असतात. राज्यकर्त्याला जमिनीतून पैसा काढायचा असतो, त्यासाठी हात लागतात, आणि ते हात कुठून व कोणत्या अटीवर आणायचे हे तोच ठरवतो. मॉरिशसमध्ये हे फार स्वच्छ दिसतं, कारण तिथे मूळचे रहिवासी नव्हतेच. अरब खलाशांना हे बेट ठाऊक होतं, पोर्तुगीजही सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन गेले, पण वस्ती कुणी केली नाही. म्हणजे आज तिथे जी भाषा, जो देव, जे गाणं दिसतं, ते प्रत्येक कुणीतरी जहाजातून आणलं किंवा तिथे आल्यावर घडवलं.

डच १५९८ मध्ये उतरले आणि आपल्या राजपुत्राच्या, मॉरित्सच्या, नावावरून बेटाला नाव दिलं. १६३८ पासून त्यांनी दोनदा वस्ती करून पाहिली आणि १७१० मध्ये कायमचं बेट सोडलं. तोवर आबनूसाची जंगलं तोडून झाली होती आणि डोडो पक्षी संपला होता. जाताना एक गोष्ट मात्र मागे राहिली: जावाहून आणलेला ऊस. पुढे दोनशे वर्षं या बेटावर कोण येणार, हे त्या उसाने ठरवलं.

फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेटावर हक्क सांगितला आणि १७२१ पासून वस्ती केली. १७३५ मध्ये माहे द ला बुर्दोने हा गव्हर्नर आला आणि त्याने पोर्ट लुईला खरं बंदर केलं, गोदी बांधली, साखरेचे कारखाने सुरू केले. पुद्दुचेरीहून तमिळ कारागीर आले ते याच काळात. त्यांतले बरेच मोकळे होते, हुन्नर घेऊन मजुरीवर आले होते. नोटेवरच्या त्या एका ओळीमागचा ‘आम्ही आधी आलो’ हा दावा इथून येतो. पण बंदर उभं राहिलं ते प्रामुख्याने मादागास्कर आणि मोझांबिककडून पकडून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर. फ्रेंच अमल संपत आला तेव्हा बेटावरच्या दहापैकी आठ माणसं गुलाम होती.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे. गुलामाला नुसतं राबवत नाहीत. त्याची आधीची ओळख खोडतात. १७२३ च्या गुलामांच्या कायद्याप्रमाणे त्याला कॅथलिक म्हणून बाप्तिस्मा द्यायचा होता. नाव मालक ठेवायचा. कुणाच्या वाट्याला महिन्याचं नाव यायचं, कुणाच्या ग्रीक-रोमन पुराणातल्या वीराचं. एका भाषेची, एका गावची माणसं एकत्र राहतील याची काही शाश्वती नव्हती. मालक एकाला विकायचा, दुसऱ्याला ठेवायचा. अशा माणसाने मुलाला कोणती भाषा द्यायची? मादागास्करची, की शेजारच्या झोपडीतल्या मोझांबिकच्या माणसाची?

त्यांनी नवी भाषा घडवली. शब्द बहुतेक फ्रेंच, पण चाल, व्याकरण आणि ठसका वेगळा. हीच मॉरिशियन क्रिओल. ‘मो पे माँजे’ म्हणजे ‘मी जेवतोय’. फ्रेंच क्रियापदाची सगळी रूपं गाळून, काळ दाखवायला आधी एक छोटा शब्द लावायचा, अशी तिची नेटकी व्यवस्था आहे. मोडकी फ्रेंच म्हणून तिला कित्येक पिढ्या हिणवलं गेलं. माझ्या मते त्या बेटावर माणसांनी निर्माण केलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती ज्यांच्याकडून सगळं काढून घेतलं होतं त्यांनी केली.

गाण्याचंही तसंच. बकऱ्याचं कातडं ताणलेली, चुलीच्या आचेवर तापवून सुरात आणायची ‘रावान’ नावाची मोठी डफासारखी खंजिरी, आत बिया भरलेला चपटा खुळखुळा आणि लोखंडी त्रिकोण, एवढ्यावर सेगा उभा राहतो. पाय जमिनीवरून फारसे न उचलता सरकत सरकत नाचायचं. यात एका कुठल्या आफ्रिकी गावाचं संगीत जसंच्या तसं उरलेलं नाही. अनेक गावांच्या आठवणी एकत्र आल्या आणि त्यातून हे झालं. २०१४ मध्ये युनेस्कोने पारंपरिक सेगाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पळून गेलेले गुलाम बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ‘ल मॉर्न’ डोंगराच्या कड्यांत लपत. तो डोंगर २००८ पासून जागतिक वारसा आहे.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. आता गोष्ट गमतीदार वळण घेते. शरणागतीच्या अटींत त्यांनी रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतीरिवाज जसेच्या तसे राहतील असं कबूल केलं. ‘रहिवासी’ म्हणजे अर्थात फ्रेंच मळेवाले. इंग्रजांना हवं होतं हिंदी महासागरातलं बंदर, तिथे येऊन राहायचं नव्हतं. त्यामुळे राज्य इंग्रजांचं, पण जमीन, चर्च आणि वर्तमानपत्रं फ्रेंचांची, असा प्रकार दीडशे वर्षं चालला. त्याचा परिणाम आजही रोज दिसतो. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, पण सदस्य फ्रेंचमध्ये बोलू शकतो. दिवाणी कायद्याचा पाया नेपोलियनच्या संहितेचा, आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे. शाळेचं पुस्तक इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये, घरात बोलणं क्रिओलमध्ये. एका करारातलं एक कलम देशाचा रोजचा दिवस कसा घडवतं, याचं इतकं चोख उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. सुमारे ६६ हजार माणसं कागदावर मोकळी झाली. भरपाई मिळाली, सुमारे २० लाख पौंड, पण ती मालकांना. गुलामांना ना जमीन, ना पैसा. उलट पुढची चार वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मळ्यांवर राबायचं बंधन होतं. ते उठल्यावर बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि ते किनाऱ्यावर, शहरांच्या कडेला, मासेमारी किंवा हातकामाकडे वळले.

मळेवाल्यांनी मात्र नव्या हातांची सोय आधीच सुरू केली होती. कलकत्त्याहून निघालेलं ‘अ‍ॅटलस’ जहाज २ नोव्हेंबर १८३४ ला ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागलं. इंग्रज सरकार याला ‘थोर प्रयोग’ म्हणत होतं. गुलामाऐवजी कराराने बांधलेला ‘मुक्त’ मजूर परवडतो का, हे पाहायचं होतं. परवडला. पुढच्या आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय गिरमिटिये, म्हणजे असे करारी मजूर, या एका बेटावर उतरले. तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडे जास्त परत गेले, बाकीचे राहिले. १८६१ च्या जनगणनेपर्यंत लोकसंख्येत भारतीय ६० टक्क्यांच्या वर होते. एका पिढीत देशाचा चेहरा पालटला, तोही त्या देशात कुणालाच न विचारता.

पोर्ट लुईच्या बंदरातला आप्रवासी घाट आज उभा आहे. धक्क्यावरून वर जायला दगडी १६ पायऱ्या. तिथे उतरलेल्या माणसाला एक नंबर मिळे. वहीत त्याचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव आणि अंगावरच्या खुणा लिहीत. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. पुरुषाला महिना ५ रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, तूप, मीठ, कपडा. एक दिवस कामावर नाही आलं की दोन दिवसांची मजुरी कापायची. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या भारतीयालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या ठरवून आत टाकत. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने हजारो सह्यांचा अर्ज दिला आणि चौकशीसाठी लंडनहून आयोग आला. ही गुलामगिरी नव्हती असं म्हणणाऱ्यांनी ते कागद जरूर वाचावेत.

तरीही फरक होता, आणि संस्कृतीच्या दृष्टीने तो फार मोठा होता. गिरमिटियाचं नाव कारकुनाने कसंबसं का होईना पण लिहिलं. धर्म बदलायची सक्ती नव्हती. एका जिल्ह्यातली माणसं बरेचदा एकाच मळ्यावर जात आणि मागून येणारी जहाजं त्याच भाषेची आणखी माणसं आणत. सुरुवातीला बायका फार थोड्या येत. पुढे जहाजावर स्त्रियांचं प्रमाण ठरवून दिलं गेलं आणि संसार उभे राहिले. संसार आला की सणवार येतात, पाळण्याची गाणी येतात. भोजपुरी लग्नात बायका म्हणतात ती ‘गीत-गवाई’ अशीच टिकली. तिला २०१६ मध्ये युनेस्कोने मान दिला.

दुसरा मोठा आधार जमिनीचा. १८७० च्या दशकापासून साखरेचे भाव घसरू लागले आणि मळेवाल्यांनी कमी कसाची जमीन तुकडे पाडून विकायला काढली. काटकसर करून पैसे जमवलेल्या भारतीयांनी ती घेतली. मळ्याच्या चाळीतून निघून ते गावात राहू लागले. गाव झालं की देऊळ झालं आणि बैठका झाली. बैठका म्हणजे गावातली एक साधी खोली. तिथे संध्याकाळी रामायण वाचायचं, मुलांना अक्षरओळख द्यायची, भांडणं मिटवायची. पुढच्या काळात राजकीय जागृती आली तीही याच खोल्यांतून. १९०१ मध्ये गांधीजी वाटेत काही दिवस मॉरिशसला थांबले होते; त्यांच्या सांगण्यावरून १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे गेले आणि मजुरांचे खटले लढले.

आपल्याकडचे लोकही यात होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची कुटुंबं पुष्कळ होती. आज तिथला मराठी समाज संख्येने लहान आहे, पण गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. शाळेत मराठी विषय घेता येतो. घरात मात्र ही मुलं क्रिओल बोलतात, आणि बापाचं किंवा आजोबाचं पहिलं नाव पुढे आडनाव होऊन बसलेलं दिसतं, कारण वहीत कारकुनाने तेच लिहिलं होतं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वर्गात हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी, उर्दू अशी ‘पूर्वजांची भाषा’ निवडायची सोय असल्यामुळे, आपण कोण हे मूल वर्गातच शिकतं. ओळख टिकते खरी, पण ती टिकवणारी यंत्रणा सरकारी असते, आणि दर पिढीला रेघ नव्याने ठळक होते.

व्यापारासाठी आलेल्यांची वाट निराळी. गुजराती आणि कच्छी मुसलमान व्यापारी धान्य आणि कापड घेऊन आले, पोर्ट लुईची जुम्मा मशीद त्यांनी उभारली. दक्षिण चीनमधून हाक्का आणि कँटोनी लोक आले आणि त्यांनी गावोगाव किराण्याचं दुकान टाकलं. मजूर वहीवर उधार नेई आणि ऊसतोडीच्या हंगामात फेडी. दुकानदाराला त्यासाठी क्रिओल यावीच लागे, बरेचदा भोजपुरीही. सरमिसळ सगळ्यात आधी होते ती अशा ठिकाणी. रस्त्यावरचा आवडता खाऊ म्हणजे डाळपुरी. डाळ भरलेली पातळ पोळी, त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, फ्रेंच वळणाची टोमॅटोची चटणी आणि लोणचं. ती सगळ्या समाजांची माणसं उभ्या उभ्या खातात. पोर्ट लुईच्या सेंत-क्रुआमध्ये पेर लावाल या फ्रेंच पाद्र्याची समाधी आहे. तो १८४१ मध्ये आला आणि मोकळ्या झालेल्या गुलामांत राहून त्याने काम केलं. दरवर्षी ९ सप्टेंबरला, त्याच्या पुण्यतिथीला, तिथे कॅथलिकांबरोबर हिंदू आणि मुसलमानही रांगेत असतात. सेगाच्या तालावर भोजपुरी गाणी झाली, सेगात रेगे मिसळून ‘सेगे’ झालं.

हे चित्र लोभस आहे, आणि खरंही आहे. पण तेवढंच सांगितलं तर ज्यांच्या वाट्याला सगळ्यात कमी आलं त्यांच्यावर अन्याय होईल. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. भारतीय वंशाचा माणूस तिथे जाऊन पणजोबाचं जहाज, जिल्हा, कधी कधी फोटोसुद्धा शोधू शकतो. गुलामाच्या वंशजाला अशी वही नाही. मालमत्तेच्या यादीत एक नाव आणि एक किंमत, याहून फार काही हाती लागत नाही. २००९ मध्ये नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींचा वारसा तपासला आणि २०११ मध्ये अहवाल दिला. क्रिओल समाजातल्या गरिबीची, हातून गेलेल्या जमिनींची आणि वर्णभेदाची चर्चा त्यात उघडपणे झाली. फेब्रुवारी १९९९ मध्ये सेगेचा लाडका गायक काया पोलीस कोठडीत मेला तेव्हा देशभर दंगली उसळल्या. त्याआधी, १९६८ च्या जानेवारीत, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर असताना, क्रिओल आणि मुसलमानांत रक्तपात झाला होता आणि ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं होतं. १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली होती. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपलं काय होणार, ही भीती त्यामागे मोठी होती.

फिजीशी तुलना केली की वाटांचा फरक आणखी उघड होतो. तिथेही १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी सुमारे ६० हजार भारतीय मजूर उसासाठीच नेले. पण फिजीत मूळचे रहिवासी होते आणि बहुतेक जमीन त्यांच्या नावावर कायम राहील, विकता येणार नाही, असं सरकारने ठरवलं होतं. भारतीयांना ती भाडेपट्ट्यानेच मिळाली. मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी ते योग्यच होतं, पण त्यातून दोन समाज वेगवेगळे वाढले आणि १९८७ पासून लष्करी उठाव सुरू झाले. तोच ऊस, तेच राज्यकर्ते, तीच भोजपुरी मुळाची बोली. जमिनीचा नियम वेगळा, म्हणून देशाचं वळण वेगळं.

मॉरिशसच्या राज्यघटनेने भीतीवर जो उपाय काढला तो आजही वादात आहे. ६२ खासदार मतांनी निवडून येतात आणि त्यानंतर ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्यातल्या पडलेल्या उमेदवारांना जास्तीत जास्त ८ जागा देतात. त्यासाठी देशात चार समाज धरले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि राहिलेले सगळे म्हणजे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. जो माणूस आपल्या राहणीवरून पहिल्या तिघांत बसत नाही तो चौथ्यात, असं घटनेत लिहिलं आहे. म्हणजे गुलामांचे वंशज आणि त्यांच्या मालकांचे वंशज एकाच रकान्यात आले. ज्यांना येताना काही आणू दिलं नाही, त्यांची घटनेतली ओळखही ‘कशातच न बसणारे’ अशी झाली. मला हे त्या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात बोचणारं वाक्य वाटतं.

जागावाटपाचा हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं. ‘रेझिस्तांस एक आल्तरनातिव’ या पक्षाच्या उमेदवारांनी अर्जावर समाज लिहायला नकार दिला, म्हणून त्यांचे अर्ज फेटाळले गेले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं: चाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर कुणाला समाज जाहीर करायला लावणं योग्य नाही. त्याच वर्षी क्रिओल भाषा प्राथमिक शाळेत, हिंदी-मराठीच्या बरोबरीने निवडता येणारा विषय म्हणून आली. २०१४ च्या निवडणुकीपुरती घटनादुरुस्ती करून, समाज लिहिण्याची सक्ती काढली गेली. ती दुरुस्ती तेवढ्या एका निवडणुकीपुरतीच होती. आठ जागांची पद्धत आणि चार रकाने पुढेही तसेच राहिले.